उपयोजित कला, तिसरं वर्ष: मुलांच्या पुस्तकांची चित्रं फ्रीलान्स करायची आहेत. सुरुवात कुठून?

कोरा_कागद

नमस्कार. बीएफए उपयोजित कला, तिसरं वर्ष, कोल्हापूर. एजन्सीत लेआउट करत बसायचं नाही, मुलांच्या पुस्तकांची चित्रं करायची आहेत आणि तीही फ्रीलान्स. हाताशी जलरंग, एक छोटा वॅकॉम (चित्रं काढायचा टॅब्लेट), जुना लॅपटॉप आणि कृता हे चित्रांचं सॉफ्टवेअर. घरच्यांचं म्हणणं, कलाशिक्षकाच्या जागा निघतात तिकडे लक्ष दे.

पोर्टफोलिओत चाळीसेक कामं आहेत: निसर्गचित्रं, पेन्सिलमधली व्यक्तिचित्रं, दोन पोस्टर कॅम्पेन, एक लोगो, थोडी कॅरेक्टर्स. सर म्हणतात सगळं ठेव, सीनियर म्हणतात दहाच ठेव. स्वतःची अशी शैली अजून नाही, ती आधी शोधावी का?

आणि तातडीचं. ओळखीतून एक काम आलंय. २४ पानी रंगीत पुस्तक, कव्हर धरून ८,००० रुपये, मुदत पंधरा दिवस, 'सर्व हक्क प्रकाशकाचे'. घ्यावं का? नाही म्हटलं तर पुन्हा विचारणार नाहीत अशी धास्ती वाटते.

तिरकी_रेघ

पैशाचं इतर लोक सांगतील, मी चित्रांपुरतं बोलते.

दहाच ठेव. पण कुठली दहा, यात सगळं आलं. मुलांच्या पुस्तकांचा संपादक पोर्टफोलिओत मुख्यतः एक गोष्ट शोधतो: पहिल्या पानावरची मुलगी अकराव्या पानावर तीच म्हणून ओळखू येते का? निसर्गचित्र कितीही देखणं असलं तरी याचं उत्तर देत नाही. नटनट्यांची पेन्सिल पोर्ट्रेट्स आधी काढून टाक. फोटोवरून हुबेहूब उतरवता येतं एवढंच त्यातून कळतं, आणि पुस्तकाच्या संहितेसोबत फोटो येत नाही. लोगो आणि कॅम्पेन वेगळ्या फाइलमध्ये ठेव, नोकरीसाठी लागतील.

आत काय हवं: एकाच गोष्टीची सलग चार-पाच स्प्रेड्स (समोरासमोरच्या दोन पानांची जोडी), एक कॅरेक्टर शीट (एकच पात्र वेगवेगळ्या बाजूंनी), गर्दीची दोन चित्रं, मासिकांच्या उपयोगाची दोन-तीन कृष्णधवल छोटी चित्रं आणि शीर्षकाच्या अक्षरांसकट एक कव्हर. सुटी सुटी दहा सुंदर चित्रं या कामात फार उपयोगाची नाहीत. इटलीतल्या बोलोन्याच्या बालपुस्तक मेळाव्यातल्या चित्रकार-प्रदर्शनासाठीही पाचच चित्रं मागतात. तीही एका सुरात असतील तर परीक्षकाला काहीतरी कळतं.

गोष्ट कुठली घ्यायची? 'घर शेणाचं, घर मेणाचं' नको, ते सगळ्यांच्याच पोर्टफोलिओत असतं. भोपळ्यातली म्हातारी घे. लेकीकडे जाताना ती काटकुळी, परत येताना गुबगुबीत आणि मध्येच भोपळ्यात. चेहरा, बसण्याची ढब, पदर खोचण्याची तऱ्हा एवढ्यावरच ती तीच म्हातारी आहे हे मुलाला कळलं पाहिजे. तुझं कॅरेक्टर टिकतं का, याची यापेक्षा चांगली परीक्षा नाही. आधुनिक गोष्ट हवी असेल तर स्टोरीवीव्हर या प्रथम बुक्सच्या साइटवर मराठी गोष्टी आहेत. तिथलं बहुतेक साहित्य सीसी बाय ४.० परवान्याखाली आहे, म्हणजे लेखकाचं नाव आणि परवाना लिहून त्या मजकुराला नवी चित्रं कायदेशीरपणे करता येतात.

कॅरेक्टर बिघडतं ते बहुतेक वेळा प्रमाणात. मोठ्या माणसाची उंची सात-साडेसात डोक्यांची, पाच वर्षांच्या मुलाची साधारण पाच. चित्रपुस्तकात साडेतीन डोक्यांचं मूलही चालतं, पण एकदा ठरलं की मोडायचं नाही. विद्यार्थ्यांच्या कामात तिसऱ्या स्प्रेडपर्यंत डोकं लहान होत जातं आणि पाच वर्षांची पोर आठवीत गेल्यासारखी दिसते. कॅरेक्टर शीटवर डोक्याच्या पट्ट्या आखून ती शीट समोर भिंतीला लाव. शीटवर समोरून, बाजूनं, पाठमोरी अशा तिन्ही बाजू हव्यात, शिवाय धावताना, रुसलेली, खाली बसून जेवताना आणि झोपलेली. पाठमोरी सगळे टाळतात आणि पुस्तकात नेमकी तीच लागते.

शैलीबद्दल: शोधू नकोस. बंधनं घाल. सहा महिने एकच रेघेचं साधन, चार रंग अधिक काळा, आणि सावली एकाच पद्धतीनं. जे होईल त्यालाच लोक पुढे तुझी शैली म्हणतील. पिंटरेस्टवरून उचललेली शैली ओळखू येते, कारण त्यात घरं धुराड्याची असतात नि मुलांच्या गळ्यात मफलर. नऊवारी काढायची तर काष्टा कुठून कुठे जातो ते बघून काढ, साडी म्हणून नुसती घडीदार नळकांडी नको. आठवड्यातून दोनदा कपिलतीर्थ मंडईत नाहीतर एसटी स्टँडवर पंधरा-पंधरा मिनिटांची स्केचेस कर. पिशवी धरलेला हात, उकिडवं बसणं, पोराला कडेवर घेतल्यावर कंबर कशी कलते, हे नेटवर नीट सापडत नाही.

फर्मा_सोळा

वरचं सगळं मान्य. छपाईचं कोणी सांगत नाही म्हणून लिहितो. नवख्यांची चित्रं नाकारली जात नाहीत, छापताना मरतात.

पुस्तकाची पानं १६ किंवा ८ च्या पटीत असतात. २४ पानी पिन बाइंडिंग (मधल्या घडीवर पिना मारलेल्या) पुस्तकात पान १ एकटं उजवीकडे, पान २४ एकटं डावीकडे, मध्ये ११ स्प्रेड्स. पान १ ला शीर्षक आणि २४ ला प्रकाशनाचा तपशील टाकला तर गोष्टीला ११ च स्प्रेड्स उरतात. बारा समजून गोष्ट बसवली की शेवट कोंबावा लागतो. म्हणून आधी ए४ चे सहा कागद मध्ये दुमडून डमी (पुस्तकाचा कच्चा नमुना) कर आणि प्रत्यक्ष पानं उलटून बघ. मुलाला काय होणार याची उत्सुकता उजव्या पानाच्या शेवटी लागली पाहिजे आणि उत्तर पान उलटल्यावर दिसलं पाहिजे.

या २४ पानांत १२-१३ हे एकच स्प्रेड सलग कागदावर छापलं जातं. बाकी प्रत्येक स्प्रेडची दोन अर्धी वेगवेगळ्या जागी छापून शिवताना शेजारी येतात, त्यामुळे मधल्या घडीत एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतंच. घडीवर चेहरा, हात, बारीक तिरकी रेघ आणू नकोस. आभाळ, भिंत, जमीन चालते. मुलगी घडीपासून किमान १५ मिमी लांब हवी. घडी ओलांडून जाणारं मोठं चित्र असेल तर ते १२-१३ ला बसतं का बघ.

फाइलचं माप. समज पुस्तक साडेआठ इंच चौरस. स्प्रेड १७ बाय साडेआठ, ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ५१०० × २५५० पिक्सेल. चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (छापल्यावर कापून जाणारी जादा कड) धरला की ५१७१ × २६२१. कृतामध्ये या मापाचा एक भरलेला लेयर (चित्राचा सुटा थर) सुमारे ५४ एमबी जागा खातो. वीस लेयर म्हणजे एक जीबीच्या वर, आणि जुना लॅपटॉप तिथेच रडतो. पूर्ण झालेले लेयर एकत्र कर, पण रेघ, कॅरेक्टर आणि पार्श्वभूमी हे तीन शेवटपर्यंत वेगळे ठेव. संपादक सगळ्यात जास्त वेळा म्हणतात, 'मुलगी जरा डावीकडे घ्या.'

रंग. स्क्रीनवरचा पोपटी, झगझगीत निळा आणि राणी रंग सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंत, मळतो. कृतात सॉफ्ट प्रूफिंग (छापल्यावर रंग कसे दिसतील ते स्क्रीनवर दाखवणं) आहे, ते चालू ठेवून रंगव. रंगवून झाल्यावर धक्का खाण्यापेक्षा बरं. सीएमवायके फाइल टिफ किंवा पीएसडीत दे. पीएनजीत सीएमवायके साठवताच येत नाही. मॅपलिथोसारख्या बिनचकाकीच्या कागदावर शाई पसरते, म्हणून रात्रीची चित्रं स्क्रीनवर वाटतात त्यापेक्षा एक-दोन पायऱ्या उजळ ठेव. एक स्प्रेड जवळच्या डिजिटल प्रिंटवाल्याकडून ए३ वर काढून बघ. रंग ऑफसेट छपाईसारखे येणार नाहीत, पण अंधारात काय बुडालं ते दिसेल.

मजकूर कधीही चित्रात मिसळायचा नाही. तो वेगळा, शुद्ध काळ्यात जातो, कारण दुसऱ्या भाषेची आवृत्ती काढताना फक्त काळी प्लेट बदलली की काम भागतं. दुकानाच्या पाटीवर हातानं 'किराणा' लिहिलंस तर तीही वेगळ्या लेयरवर ठेव. मराठीला वर वेलांटी, खाली उकार, ओळींमध्ये जागा जास्त लागते. लहान मुलांच्या पुस्तकात पानाचा जवळपास तिसरा भाग मजकुरासाठी मोकळा सोड, आणि मोकळा म्हणजे तिथे गवताची पातीही नकोत.

जलरंगात करणार असशील तर कागद ३०० जीएसएमचा. कार्ट्रिज पेपर पाण्यानं फुगतो आणि स्कॅनमध्ये सुरकुत्यांच्या सावल्या येतात. छापील मापाच्या सव्वापट मोठं काढ, त्याहून मोठं नको. ए४ स्कॅनरवर तुकड्यांत स्कॅन करून जोडताना कडेची रंगछटा बदलते. फिकट पिवळे आणि पातळ वॉश स्कॅनर गिळतो. मोबाइलनं काढलेला फोटो छपाईला देऊच नये.

कोरा_कागद

डमीचं आजच करून बघितलं. माझी गोष्ट १४ स्प्रेड्सची निघाली! कापते आहे.

पण ८,००० चं काय करू? परवा उत्तर द्यायचंय.

जमाखर्च

दर 'बाजारात काय चाललंय' यावरून काढू नकोस, दिवसांवरून काढ. आकडे तुझे घाल, मी नमुना देतो.

राहणं-खाणं १४,००० (घरी राहत असलीस तरी धर), नेट-वीज-कागद-रंग ३,०००, लॅपटॉप आणि टॅब्लेट बदलायला बाजूला ३,०००, रिकाम्या महिन्यांसाठी ४,०००. झाले २४,०००. महिन्यात पैसे मिळवून देणारे दिवस बाराच धर. बाकीचे मेल, पोर्टफोलिओ, उधारी वसूल करणं आणि दुरुस्त्यांत जातात. म्हणजे दिवसाचे २,०००.

आता हे पुस्तक. डमी ३ दिवस, रफ (कच्ची रेखाटनं) ६, अकरा स्प्रेड्स दीड दिवसाप्रमाणे साडेसोळा, पहिलं आणि शेवटचं पान १, कव्हर २, दुरुस्त्या साडेतीन. एकूण ३२ दिवस, ६४,००० रुपये. ते देतायत दिवसाला २५०. आणि ३२ दिवसांचं काम पंधरा दिवसांत मागतायत, हे पैशापेक्षाही वाईट.

'जास्त द्या' म्हणू नकोस. ८,००० म्हणजे तुझे चार दिवस, तेव्हा चार दिवसांचं काम देऊ कर: कव्हर आणि आत चार कृष्णधवल छोटी चित्रं. पैसे कमी असले की काम कमी करायचं. तेच काम स्वस्तात केलं की तोच तुझा दर होऊन बसतो.

हक्कांचं नीट वाच. आपल्या कॉपीराइट कायद्यात (१९५७) कलम १७ नुसार निर्माता हा पहिला मालक. पण त्यातच अपवाद आहे: कोणी पैसे देऊन, सांगून करून घेतलेलं पेंटिंग किंवा पोर्ट्रेट असेल आणि उलट करार नसेल, तर मालक करवून घेणारा. पुस्तकातलं रेखाचित्र त्या शब्दांत बसतं की नाही यावर वकील भांडतील, तू भांडू नकोस. साध्या मेलवर आधी लिहून घे. कलम १९ प्रमाणे हक्क देणं लेखी आणि सहीनिशी लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतात. 'सर्व हक्क' मध्ये टी-शर्ट, ॲप, कार्टून, इतर भाषा, सगळं जातं. त्याऐवजी 'मराठी, छापील, पहिली आवृत्ती, अमुक प्रती' असं लिही. चित्रकार म्हणून तुझं नाव कव्हरवर की आत, हेही लिही. हक्क विकले तरी कर्तृत्वाचा दावा आणि चित्राची मोडतोड झाल्यास हरकत घेण्याचा अधिकार कलम ५७ नं तुझ्याकडे राहतो. हल्ली एक ओळ आणखी घालावी: चित्रं एआय प्रशिक्षणासाठी वापरता येणार नाहीत.

हप्ते: सुरुवातीला ३० टक्के, रफ मंजूर झाल्यावर ३०, उरलेले ४० अंतिम छोटी फाइल बघून मान्य केल्यावर. मोठी फाइल पैसे जमा झाल्यावरच. दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या, त्याही रफला. रंगवल्यावर 'मुलीऐवजी मुलगा करा' आलं तर ते नवं काम, दिवसाच्या दरानं.

करांचं थोडक्यात. पॅन नसेल तर टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) २० टक्के कापतात. व्यावसायिक फीवर एरवी १०, तोही एका प्रकाशकाकडून वर्षाला ५०,००० च्या वर गेल्यावर. कापलेला परत हवा तर रिटर्न भरावंच लागतं. जीएसटी नोंदणी २० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही, कोणी घाबरवलं तरी. उद्यम (लघुउद्योगांची) नोंदणी मात्र करून ठेव. सरकारी पोर्टलवर फुकट होते, पैसे मागणाऱ्या साइट खासगी दलालांच्या. काम सुरू होण्याआधीची नोंदणी असेल तर एमएसएमई कायद्यानं जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणं बंधनकारक, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. प्रत्यक्षात कोणी व्याज वसूल करत बसत नाही, पण बिलावर उद्यम क्रमांक आणि ही एक ओळ असली की अकाउंटवाले बिल तळाला ठेवत नाहीत.

चष्मेवाली

जमाखर्च यांचा हिशेब तुझ्या बाजूनं चोख आहे. प्रकाशकाच्या बाजूनं करून बघा. हजार प्रतींची मराठी आवृत्ती, किंमत १०० रुपये. चित्रांना ६४,००० म्हणजे प्रतीमागे ६४. वर कागद, छपाई आणि विक्रेत्याचं कमिशन. हे गणित कुठेच बसत नाही. म्हणजे समोरचा लुटारू असेलच असं नाही, बऱ्याचदा त्याला खरंच परवडत नाही. म्हणून मराठीत हक्कांवर भांडायचं, रकमेवर कमी. पहिल्या हजार प्रतींपुरतेच हक्क द्यायचे आणि दुसऱ्या आवृत्तीला वेगळे पैसे. पुस्तक चाललं तर दोघांचं भलं.

काम कुठे मिळेल ते विचारलं नाहीस, पण तोच खरा प्रश्न आहे. चित्रपुस्तकांसाठी ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स, तूलिका, एकलव्य, नॅशनल बुक ट्रस्ट यांची किमान दहा-दहा पुस्तकं हातात घेऊन बघ. तूलिकाला चालेल ते एनबीटीला चालेलच असं नाही. मासिकांत बालभारतीचं 'किशोर' (१९७१ पासून चालू आहे), 'वयम्', हिंदीत 'चकमक'. मासिकाचं काम लहान, मुदत ठरलेली आणि नाव छापून येतं. पहिल्या वर्षी पुस्तकापेक्षा हे बरं.

दिवाळी अंक विसरू नकोस. कथाचित्रांची वाटणी जुलै-ऑगस्टमध्ये होते, सप्टेंबरच्या शेवटी अंक छपाईला. ऑक्टोबरात मेल पाठवणाऱ्यांना पुढच्या वर्षीसाठी शुभेच्छा मिळतात. मानधन थोडं, पण प्रौढ कथेला कृष्णधवल चित्र करायचा सराव दुसरीकडे होत नाही. कथेतला प्रसंग जसाच्या तसा काढू नकोस. शेवट फोडलास तर लेखक चिडतो आणि संपादक पुन्हा विचारत नाही.

मेल दहा ओळींपेक्षा मोठा नको. कोण, काय करते, त्यांच्या कुठल्या पुस्तकासारखं काम आवडेल, पीडीएफ १० एमबीच्या आत, फाइलच्या नावात तुझं नाव. 'फायनल_न्यू_२' या नावाच्या फाइली संपादकांच्या फोल्डरमध्ये ढिगानं पडलेल्या असतात. उत्तर आलं नाही तर सहा आठवड्यांनी दोन नव्या चित्रांसह एकदा आठवण. फोन करू नकोस.

घरच्यांना मात्र पूर्ण चूक म्हणवत नाही. पहिली दोन वर्षं फक्त पुस्तकांवर निघत नाहीत. अर्धवेळ शिकवणं, स्टोरीबोर्ड (फिल्म-जाहिरातींचे प्रसंग चित्रांत मांडणं), लग्नपत्रिका, काहीतरी जोडीला लागतं. स्टोरीबोर्ड फ्रेमवर पैसे देतात आणि रात्रीत मागतात, पण हात जबरदस्त फिरतो.

कोरा_कागद

सगळ्यांचे आभार. असा मेल लिहिलाय, बघा बरं:

'सर, पुस्तकासाठी विचारलंत याबद्दल आभार. ८,००० रुपयांत मी कव्हर आणि आतली चार कृष्णधवल चित्रं करू शकेन. हक्क मराठी छापील पहिल्या आवृत्तीचे, १,००० प्रती. नाव कव्हरवर. रफला दोन फेऱ्या दुरुस्त्या. सुरुवातीला २,४०० मिळावेत. पूर्ण रंगीत पुस्तक हवं असल्यास तीन महिने आणि वेगळं बजेट लागेल. शक्य नसल्यास हरकत नाही, राग मानू नये.'

जमाखर्च

शेवटचं वाक्य काढ. नाही म्हणायची वाट तूच आखून देतेयस. तिथे तारीख घाल: 'शुक्रवारपर्यंत कळवलंत तर सोमवारी रफ सुरू करते.' 'करू शकेन' च्या जागी 'करून देईन'. आणि 'पुढच्या आवृत्तीला मानधन वेगळं ठरवू' ही ओळ राहिली आहे.

फर्मा_सोळा

कव्हर घेतेसच तर पिन बाइंडिंग आहे ना ते विचारून घे. तसं असेल तर कणा नाही. पुढचं-मागचं कव्हर एकच सलग फाइल, मागचं डावीकडे. आयएसबीएनच्या बारकोडसाठी मागे खालच्या कोपऱ्यात साधारण ४० × २५ मिमी पांढरी जागा सोड, नाहीतर ते तुझ्या म्हातारीच्या तोंडावर चिकटवतील.